फळी तेवढीच, पातेलं मोठं



पावसाळ्यात लोणावळ्याला सहलीला आलेल्या प्रत्येकाकडे आमच्या भुशी धरणाचा एक तरी फोटो असतोच. धरण भरलं की पाणी पायऱ्यांवरून खळाळत खाली येतं आणि त्या पायऱ्यांवर बसून माणसं मनसोक्त भिजतात. पण हे धरण माणसांना भिजवण्यासाठी बांधलेलंच नव्हतं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढायचा म्हणजे वाफेच्या इंजिनाला कोळसा हवा आणि पाणीही भरपूर हवं. म्हणून त्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंद्रायणीवर हे धरण बांधून घेतलं. पुढे १९३० च्या सुमारास घाटातल्या गाड्या विजेवर धावू लागल्या. आता विजेच्या इंजिनाला पाणी कशाला लागतंय?

मग मला सांगा, धरण बिघडलं होतं का? भिंत खचली होती? पाणी आटलं होतं? छे! धरण होतं तसंच होतं. बदललं होतं ते इंजिन.

हे एवढं ध्यानात ठेवा बरं का. कारण आज मला तुम्हाला एका फोनची गोष्ट सांगायची आहे.

माझ्या चुलतभावाची बायको, म्हणजे आमची वहिनी, पावसाळ्यात धरणाच्या वाटेवर टपरी लावते. भाजलेली कणसं, कांदाभजी, चहा. वर्षाची निम्मी कमाई ह्या तीन-चार महिन्यांत होते. तिच्याकडे २ जीबी मेमरीचा एक फोन होता, २०१७ साली घेतलेला. काच एका कोपऱ्यात तडकलेली, पण बाकी ठणठणीत. टपरीवर पैसे घ्यायचा चौकटी-चौकटींचा कागद चिकटवलेला. गिऱ्हाईक त्यावर फोन धरतं, पैसे पाठवतं, आणि पैसे आले की नाही ते वहिनी आपल्या फोनवर बघते.

एका रविवारी भर गर्दीत तिच्या फोनवरचं पैशांचं अ‍ॅप उघडेना. आधी म्हणालं, नवी आवृत्ती घ्या. ती घ्यायला गेली तर म्हणालं, जागा नाही. चार फोटो पुसून जागा केली तर म्हणालं, या फोनवर नवी आवृत्ती चालणार नाही. झालं! गिऱ्हाइकं आपापला फोन तिच्यासमोर नाचवत "गेले बघा पैसे" म्हणत पुढे जात होती. खरंच गेले की नाही, कोण सांगणार? बँकेचा एसएमएस येईल म्हणावं, तर फोन इतका गच्च भरलेला की एसएमएसही यायचे थांबलेले. जुन्या फोनांत मेमरी अगदी काठोकाठ भरली की असं होतं.

संध्याकाळी फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, "भाऊजी, बघा ना जरा. मलाच मेलीला काही कळत नाही ह्यातलं."

मित्रांनो, हे वाक्य मला फार लागलं. जी बाई भर पावसात एका हाताने कणसं भाजते, दुसऱ्या हाताने भजी काढते, आणि दहा जणांचा हिशेब तोंडी ठेवते, तिने म्हणावं, मला काही कळत नाही? म्हणून तिला मी जे समजावून सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. पुढेमागे तुमच्याही घरात कुणी असं म्हणेल, तेव्हा उपयोगी पडेल.

वहिनीच्या टपरीत दोन प्रकारची जागा आहे. एक, फळीखालची. तिथे कांद्याचं पोतं, बेसनाचा डबा, कोळसा, जास्तीचे कप असं सगळं साठवलेलं असतं. दुसरी, वरची फळी. तिच्यावर ह्या क्षणी चाललेलं काम असतं. चिरलेला कांदा, पिठाचं पातेलं, चहाचे कप. फोनमध्येही असंच आहे. फोटो, गाणी आणि अ‍ॅप जिथे साठतात ती फळीखालची जागा. तिला 'स्टोरेज' म्हणतात. आणि ह्या क्षणी चालू असलेलं काम जिथे मांडलं जातं ती वरची फळी. तिचं नाव 'रॅम'. वहिनीच्या फोनचे २ जीबी म्हणजे ही फळी. बोलताना आपण दोन्हींना 'मेमरी'च म्हणतो, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

हे जीबी म्हणजे तरी किती? संगणक मोजतो बाइटमध्ये. इंग्रजी एक अक्षर लिहायला सर्वसाधारणपणे १ बाइट लागतो. आपल्या देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला ३ बाइट लागतात. 'भुशी' लिहायचं तर भ, उकार, श आणि ईकार अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. आणि २ जीबी म्हणजे दोनशे कोटींहून जास्त बाइट! त्यात 'भुशी' हा शब्द सतरा कोटी वेळा लिहून होईल. मग एवढ्या जागेत एक पैशांचं अ‍ॅप का मावू नये?

त्याचं कारण असं. फळीचा बराचसा भाग फोनच्या मूळ यंत्रणेनेच, म्हणजे अँड्रॉइडने, अडवलेला असतो. उरलेल्या जागेत बाकीच्यांनी दाटीवाटीने बसायचं. फोन नवा होता तेव्हा अ‍ॅप छोटी होती. मग दर काही आठवड्यांनी 'अपडेट' येत गेले. अपडेट म्हणजे अ‍ॅपची सुधारलेली आवृत्ती. कधी त्यात चोरांना शिरायला मिळणारी फट बुजवलेली असते. हे फार महत्त्वाचं, विशेषतः पैशांच्या अ‍ॅपमध्ये. पण त्याच्याबरोबर नवी चित्रं येतात, जाहिराती येतात, कर्ज घ्या, विमा घ्या, सोनं घ्या असं सांगणारी बटणं येतात. पातेलं दर वेळी थोडं थोडं मोठं होतं. फळी मात्र तेवढीच राहते! शेवटी एक दिवस असा येतो की पातेलं ठेवलं की कांदा खाली पडतो.

फळीखालची जागा आपल्याला साफ करता येते. धरणात जसा दर पावसाळ्यात गाळ येऊन बसतो आणि पाण्याची जागा खातो, तसा फोनमध्येही गाळ साठतो. वहिनीच्या फोनमध्ये 'शुभ सकाळ'ची शेकडो चित्रं निघाली. एकाच लग्नाचा व्हिडिओ तीन नातेवाइकांनी पाठवलेला, तो तीनदा साठलेला. तो गाळ काढला आणि तिचे एसएमएस पुन्हा सुरू झाले. पण रॅमची फळी आपल्याला रुंद करता येत नाही. ती चिप फोनच्या आत कायमची डकवलेली असते.

आणि फोनचं अँड्रॉइडच नवं करून घेतलं तर? तेही आपल्या हातात नसतं. अँड्रॉइड बनवते गुगल. पण ती यंत्रणा एखाद्या विशिष्ट फोनवर बसवून, तपासून देण्याचं काम फोन बनवणाऱ्या कंपनीचं. त्यासाठी फोनची मुख्य चिप बनवणाऱ्या कंपनीचीही मदत लागते. ह्या कामाला माणसं लागतात, पैसा लागतो. आणि ज्या गिऱ्हाइकाने फोन एकदा विकत घेतला, त्याच्याकडून कंपनीला पुन्हा पैसे मिळतात ते त्याने दुसरा फोन घेतला तरच! म्हणून स्वस्त फोनांना बहुधा दोन-तीन वर्षंच अपडेट मिळत आले. महागड्या फोनांचं नशीब थोर. गुगलने २०२३ साली आपल्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलं. म्हणजे बघा, सात वर्षं अपडेट देता येतात. प्रश्न फक्त कुणाला द्यायचे हा आहे.

आता तुम्ही म्हणाल, टपरीवरच्या एका वहिनीची गोष्ट ती केवढी! पण थांबा. हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रात हजारो बायकांच्या बाबतीत घडली आहे, आणि त्यांनी जे केलं ते तुम्ही ऐकायलाच हवं.

तुमच्यापैकी पुष्कळजण लहानपणी अंगणवाडीत गेला असाल. तिथल्या सेविकाताई आठवतात? मुलांचं वजन करायचं, उंची मोजायची, कोण अशक्त आहे ते हेरायचं, खाऊ द्यायचा आणि ह्या सगळ्याची नोंद ठेवायची. पूर्वी त्या नोंदी जाडजूड वह्यांत होत. मग पोषण अभियानात ते काम मोबाईलवर आलं आणि २०१९ साली महाराष्ट्रातल्या सेविकांना सरकारकडून फोन मिळाले. त्या फोनांची रॅम किती होती? २ जीबी! अगदी आमच्या वहिनीच्या फोनएवढीच.

२०२१ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' नावाचं नवं अ‍ॅप आणलं आणि सगळी माहिती त्यात भरायला सांगितली. ते अ‍ॅप ह्या फोनांना पेलवेना. फोन अडायचे, तापायचे, मध्येच बंद पडायचे. त्यातच दोन वर्षांची हमी संपली, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येऊ लागला. तोही तुटपुंज्या मानधनातून. भर म्हणून माहिती भरायची इंग्रजीत. आठवी-दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या ताईंनी बाळाचं नाव इंग्रजीत कसं भरायचं? आणि नोंद झाली नाही तर 'काम केलं नाही' असा शेरा बसण्याची भीती.

मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी एक आंदोलन केलं. ना दगडफेक, ना तोडफोड. जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले आणि हजारो सेविकांनी आपापले फोन कार्यालयांत नेऊन परत केले. 'मोबाईल वापसी' असंच त्या आंदोलनाचं नाव होतं. आम्हाला मोबाईलवर काम करायचं नाही, असं त्या म्हणत नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्हाला ह्या कामाला पुरेल असा फोन द्या आणि अ‍ॅप मराठीत द्या. पुढे ते अ‍ॅप मराठीसह अनेक भारतीय भाषांत आलं. चांगल्या फोनसाठी मात्र त्यांना बराच काळ भांडावं लागलं. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या संपातही नवा मोबाईल ही एक मागणी होतीच.

मला त्या आंदोलनातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्या सेविका 'आम्हालाच काही कळत नाही' असं म्हणाल्या नाहीत. हळू कोण चालतंय, माणूस की यंत्र, हे त्यांनी नीट ओळखलं आणि ते मोठ्याने सांगितलं. एखाद्या बाळाचं वजन घटतंय ही नोंद जर २ जीबीच्या दाटीत अडकून पडली, तर नुकसान त्या बाळाचं होतं. तेव्हा हा नुसता खेळण्यातल्या फोनचा प्रश्न राहत नाही.

जगात इतरत्रही हे भांडण झालेलं आहे. २०१७ च्या सुरुवातीला अ‍ॅपलने आयफोनसाठी एक अपडेट दिला. त्यानंतर काही जुने आयफोन मंद झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने मान्य केलं, की बॅटरी थकलेल्या फोनांचा वेग आम्ही मुद्दाम आवरला होता. का, तर फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून. कारण खोटं नव्हतं. बॅटरी जुनी झाली की एकदम जोर लावू शकत नाही, हे खरंच आहे. पण मग ते लोकांना आधी सांगायला नको का? नवी बॅटरी घालून जे काम झालं असतं, त्यासाठी अनेकांनी नवा फोन घेतला असेल! २०१८ च्या ऑक्टोबरात इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ह्या प्रकरणी अ‍ॅपलला १ कोटी युरो दंड केला. जुन्या फोनांना न झेपणारा अपडेट घ्यायला लावला म्हणून सॅमसंगलाही ५० लाख युरोंचा दंड झाला. युरोपीय संघाने तर आता नियमच केला आहे. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या नव्या फोनांना, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात.

आणि जुन्या यंत्राची काळजी घ्यायचीच म्हटलं तर ती किती घेता येते, ते पाहायचं असेल तर आकाशाकडे बघा. 'व्हॉयेजर १' हे यान १९७७ च्या सप्टेंबरात उडालं. त्याच्या संगणकांची सगळी मेमरी मिळून ७० केबीच्या आसपास. वहिनीचा फोन त्याच्या तीस हजार पट मोठा! २०२३ च्या नोव्हेंबरात हे यान अचानक अगम्य बडबड करू लागलं. त्याच्या मेमरीची एक चिप निकामी झाली होती. यान होतं दोन हजार चारशे कोटी किलोमीटर दूर. तिथे कोण जाणार दुरुस्तीला? मग नासाच्या अभियंत्यांनी त्या चिपमधल्या आज्ञावलीचे तुकडे केले, आणि मेमरीत जिथे जिथे कोपरा रिकामा होता तिथे तिथे ते बसवले. संदेश पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर आलं, आणि यान पुन्हा शहाण्यासारखं बोलू लागलं. ४६ वर्षांच्या यंत्राला अपडेट! घरातला पाच वर्षांचा फोन मग 'म्हातारा' कसा म्हणायचा?

अर्थात, व्हॉयेजरसारखी यानं मोजकीच आहेत आणि फोन कोट्यवधी आहेत. प्रत्येक फोनला जन्मभर अपडेट द्या असं कुणी म्हणणार नाही. जुना फोन अपडेटशिवाय वापरत राहणं, विशेषतः पैशांसाठी, धोक्याचंही असतं. म्हणून वहिनीला मी जुनं अ‍ॅप कुठून तरी खटपट करून बसवून दिलं नाही. तिने टपरीवर तो बोलका डबा आणला. पैसे आले की मोठ्याने आकडा सांगतो. त्याला महिन्याचं भाडं पडतं, ते तिला खुपतं, पण आता कुणी नुसता फोन नाचवून पुढे जात नाही. जुना फोन घरी आहे. धाकटी पोर त्यावर पाढे आणि गाणी ऐकते.

तुम्हाला ह्यातून काय करता येईल? घरातल्या प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि तीन गोष्टी वहीत लिहून काढा. रॅम किती, रिकामी जागा किती, आणि शेवटचा सुरक्षा-अपडेट कोणत्या महिन्याचा. महिन्यातून एकदा गाळ काढा, पण आजीचे फोटो तिला विचारल्याशिवाय पुसू नका हं! घरात नवा फोन घ्यायचा ठरलं, की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी दुकानदाराला विचारा, "काका, ह्याला अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार?" पहिल्यांदा तो तुमच्याकडे बघतच राहील. हरकत नाही. दहा मुलांनी विचारलं की अकराव्या वेळी उत्तर तयार ठेवील. आणि फोन अगदीच निकामी झाला तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. त्यातल्या बॅटरीने आग लागू शकते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच तो द्या.

पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तुमची आई, आजोबा, कोपऱ्यावरचे भाजीवाले काका फोनसमोर गोंधळून उभे असतील, तेव्हा "अहो, एवढं साधं येत नाही?" असं पटकन तोंडातून निघतं. ते निघण्याआधी फोन हातात घ्या, फळी किती रुंद आहे ते बघा. आणि यंत्र कमी पडत असेल, तर तसं त्यांना स्पष्ट सांगा. "तुमचं काही चुकलं नाही" हे सांगायला एकही बाइट लागत नाही.